बिबवेवाडीची खुर्ची खराडीला जाते

मित्रांनो, मी खुर्ची आहे. पण जिच्यासाठी माणसं निवडणुका लढवतात ती खुर्ची मी नव्हे. माझ्यावर कुणी हौसेने बसत नाही. मला दोन मोठी चाकं आहेत, पुढे दोन लहान आहेत, आणि दवाखान्यातले सगळे मला व्हीलचेअर म्हणतात. माझं वय झालं आहे. चालताना माझ्या डाव्या चाकातून कुरकुर ऐकू येते. तरीही सध्या मी इतकी आनंदात आहे की तो आनंद कुणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म नाना पेठेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून, जोडून, घासून माझा सांगाडा तयार झाला. पाठीला आणि बैठकीला निळं रेक्झिन चढवलं गेलं. मग एका टेम्पोत बसून मी बिबवेवाडीच्या चढावरच्या एका दुमजली दवाखान्यात आले. सगळे त्याला विमा दवाखाना म्हणत. त्या काळी आजूबाजूला लहान-मोठे कारखाने होते. कामगाराच्या पगारातून दरमहा थोडे पैसे कापले जात, मालक त्यात आपली भर घालत असे आणि सरकार पाठीशी उभं राहत असे. ज्याच्यावर आजारपणाची पाळी येईल त्याचा खर्च या सगळ्यांच्या पैशातून होई. ज्यांना काहीच होत नसे ते कुरकुरत, आणि ज्यांना होई ते देवाचे आभार मानत. खरं तर आभार त्या कुरकुरणाऱ्यांचे मानायला हवे होते.

मला नीट आठवते ती नंदा. तिने तेव्हा विशीही गाठली नव्हती. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात ती कामाला होती. एके दिवशी जड लोखंडी साचा निसटून तिच्या पायावर पडला. त्याच कारखान्यात तात्याराव नावाचे टर्नर होते, लेथ यंत्रावर लोखंडाला आकार देणारे. त्यांनी तिला उचलून आणलं आणि माझ्यावर बसवलं. तात्यारावांचं बोलणं पहिल्यापासून सरळ नव्हतंच. नंदा हुंदके देत होती. ते म्हणाले, "रडायचं तेवढं रड. तोंडाने रडतात, पायाने नाही. पाय हलवू नकोस."

तिच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. ती अनेक महिने कामावर जाऊ शकली नाही, पण तिच्या घरची चूल विझली नाही. योजनेतून तिला पगाराचा मोठा भाग मिळत राहिला. मग एक दिवस ती माझ्यावर न बसता माझ्या पाठीमागे उभी राहिली. माझी मूठ घट्ट धरून, मला ढकलत, लंगडत लंगडत तिने व्हरांड्याचं दुसरं टोक गाठलं. माझ्यावर कुणी बसलेलं नव्हतं, तरी मित्रांनो, इतकं मोलाचं ओझं मी कधी वाहिलं नव्हतं.

पुढे दिवस पालटले. कारखाने चाकणकडे, रांजणगावकडे गेले. त्यांच्या जागी उंच इमारती आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. दवाखान्यात तरुण चेहरे दिसेनासे झाले. यायचे ते निवृत्त झालेले म्हातारे, गुडघे धरून, खोकत. योजनेत त्यांना उपचार मोफत होते. चकचकीत नव्या खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत ढकललं गेलं. माझ्या बैठकीवर फुटक्या बादल्या आल्या, माझ्या चाकांत कोळ्यांनी संसार थाटले. कुणी शिव्या दिल्या तर निदान आपण आहोत एवढं तरी कळतं. मला कुणी शिवीही देत नव्हतं.

तिथून मला बाहेर काढलं ते डॉक्टर आम्रपालीने. ती नव्याने दवाखान्याची प्रमुख झाली होती. तिचे वडील येरवड्याच्या एका छापखान्यात कामाला होते. त्यांचा दमा याच योजनेच्या औषधांवर वर्षानुवर्षं आटोक्यात राहिला होता. म्हणून मोठ्या खासगी रुग्णालयातली नोकरी सोडून ती इथे आली होती. त्या सकाळी नव्यांपैकी शेवटची चालू खुर्चीही मोडली आणि नेमके दारात रुग्ण आले. ते होते तात्याराव! न्हाणीघरात घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. आणि त्यांना आधार देत रिक्षातून कोण उतरवत होतं? नंदा! आता तिचे केस पिकले होते, ती स्वतः निवृत्त झाली होती. तात्यारावांच्या पत्नी वारल्यापासून ती त्यांची चौकशी ठेवत असे.

डॉक्टरांनी स्वतः फडकं घेऊन मला पुसलं. तात्याराव बसले, माझं चाक कुरकुरलं.

"तात्या, ओळखलंत का हिला?" नंदाने माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं.

"ओळखलं. ही पण माझ्यासारखीच कुरकुरी झालीय."

हाड जुळून आलं, पण पायात जोर यायला वेळ होता. नंदा रोज मला ढकलत तात्यारावांना व्यायामासाठी आणू लागली. त्याच दिवसांत दवाखान्यावर संकट आलं.

योजना चालवणाऱ्या मंडळाने सुदर्शन नावाच्या अधिकाऱ्याला पाठवलं. तो विमागणिती होता. म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांत किती लोक पैसे भरतील आणि किती लोकांना उपचार लागतील याचा अंदाज बांधणं हे त्याचं काम. शांत, सभ्य माणूस होता. व्हरांड्यात उभा राहून तो आम्रपालीशी बोलत होता, आणि तात्यारावांसकट मी शेजारीच होते.

"डॉक्टर, हा दवाखाना बंद करायचा प्रस्ताव आहे. महिन्याभरात जाहीर सभा होईल," तो म्हणाला. "उरलेल्या रुग्णांना दुसरीकडे जोडतील. पण गैरसमज नको. मी दवाखाना बंद करायला आलेलो नाही. भरणारे कमी आणि घेणारे जास्त असंच चाललं, तर काही वर्षांनी पूर्ण योजनाच आपोआप बंद पडेल, एवढं सांगायला आलोय."

"आणि तोपर्यंत हे सगळे मरतील, असा हिशेब आहे का?" आम्रपालीने तडकून विचारलं.

"तसा हिशेब असता तर मी इथे आलोच नसतो. विहिरीत झरे उरले नाहीत, मी एवढंच म्हणतोय."

तात्याराव मध्येच म्हणाले, "अहो साहेब, पुण्यातले कामगार संपले का? रोज सकाळी एवढी माणसं बसला लटकून जातात, ती काय फिरायला जातात?"

सुदर्शन हसला. "संपले नाहीत. खराडीला बघा. काचेच्या इमारतींतले रखवालदार, सफाईवाल्या बायका, कॅन्टीनमधली मुलं. हजारो आहेत. कायद्याने ते योजनेत यायला हवेत. पण कंत्राटदार त्यांची नावं नोंदवत नाहीत, आणि नोंदवा म्हणायला तेही पुढे येत नाहीत. पगारातून कपात कुणाला हवी असते?"

"त्यांना कुणी विचारलंय?"

"माझं काम मोजायचं, तात्या. विचारायचं नाही."

"मग आम्ही विचारतो. आम्हाला दुसरं काम काय आहे? मला तर सध्या चालायचंही काम नाही."

आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर लांब निघाले! नंदाने मला बसपर्यंत ढकललं. दोन कॉलेजच्या मुलांनी मला तात्यारावांसकट उचलून बसमध्ये घेतलं. कंडक्टरने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. "आजोबा, खुर्चीचं तिकीट?"

"ती ज्येष्ठ नागरिक आहे. सवलतीत बसवा," तात्याराव म्हणाले. कंडक्टरने हसत पुढे सरकायची खूण केली.

खराडीला पोचलो आणि मी थक्क झाले. आभाळ चिकटवल्यासारख्या निळ्या इमारती होत्या. एका मोठ्या फाटकाशी आम्ही थांबलो. पाळी बदलण्याची वेळ होती. तात्यारावांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारायला सुरुवात केली, तसा एक रखवालदार धावत आला. त्याचं नाव सुखदेव. तो पार वाशीमकडून पोटासाठी पुण्यात आला होता.

"काकाजी, इथं उभं राहू नका. मले वरून सांगतलं आहे," तो म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून त्याने आवाज उतरवला. "पण ते विम्याचं जे तुम्ही सांगून राहिले, ते आमालेबी भेटते का?"

"कायद्याने भेटायलाच पाहिजे," नंदा म्हणाली.

"नाव घेतलं त् ठेकेदार काढून टाकते ना जी."

"एकाने घेतलं तर काढेल. सगळ्यांनी घेतलं तर फाटकावर काय स्वतः उभा राहील का?" तात्याराव म्हणाले.

सुखदेव फाटकाकडे परत गेला. पण दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा त्याने आम्हाला हाकललं नाही. उलट झाडाच्या सावलीला मला नीट उभं करून दिलं.

तिथेच भेटली दीपमाला. एका इमारतीच्या सफाईकाम करणाऱ्या बायकांची ती मुकादम होती. अंगावर करडा गणवेश, हातात डबा. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या, पण ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो काका, आत्ताच पगार महिनाअखेर पुरत नाही. त्यातनं अजून कापा म्हणता? आणि आम्ही भरायचं कशाला, तर तुमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांना. आमचे गुडघे जातील तेव्हा ही योजना असेल की नाही, कोणी सांगावं? तुमचं झालं, आमचं काय?"

तात्यारावांनी वाद सोडून नंदाला मला माघारी वळवायला सांगितलं. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच पाहिलं. परतताना बसमध्ये ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुदर्शनला गाठलं. "साहेब, ती बाई बरोबर बोलली का?"

"बरोबर बोलली."

"मग उपाय?"

"ते सगळे आत आले तर झरा वाहू लागेल. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण माणसं आता जास्त जगतात. म्हणजे चांगलीच गोष्ट आहे ती. फक्त निवृत्तांना सगळं फुकट हे पुढे चालणार नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी थोडी वर्गणी द्यावी. पण हे मी सभेत बोललो तर तुमचीच माणसं मला चपला दाखवतील."

"मग तुम्ही नका बोलू," तात्याराव म्हणाले. "मी बोलतो. माझ्या पायात सध्या एकच चप्पल आहे, मला दुसऱ्यांच्या चालतील."

पण चपला दाखवायला सभेपर्यंत थांबायची गरज पडली नाही. व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यांना त्यांनी हा विचार सांगितला आणि एकच गलका झाला. सगळ्यात चिडले ते आप्पासाहेब. हे एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि दवाखान्यातही सुपरवायझरच असल्यासारखे वागत.

"आम्ही आयुष्यभर भरलंय! आता परत भरायचं? तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात, तात्या?"

"आप्पासाहेब, मला एक सांगा. तुम्ही आयुष्यभर भरलंत, आणि निवृत्त होईपर्यंत तुम्हाला साधी सर्दीही झाली नाही. मग तुमचे पैसे गेले कुठे?"

"तेच विचारतोय मी!"

तात्यारावांनी नंदाकडे बोट दाखवलं. "तिथे गेले. त्या पायात आहेत. बघून घ्या, वाया गेले असं वाटत असेल तर."

नंदा पदर सावरून उभी होती. आप्पासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ऐपत असेल त्यानेच द्यायचं ना?" त्यांनी विचारलं.

"ऐपत असेल त्यानेच."

"माझी आहे," आप्पासाहेब घुश्श्यातच म्हणाले. "पण गोळ्या वेळेवर मिळाल्या पाहिजेत!"

आम्ही पुन्हा खराडीला गेलो. तात्याराव दीपमालेला म्हणाले, "परवा तू बोललीस ते खरं होतं. म्हणून आम्हीही भरणार. तुमच्या जिवावर आम्हाला जगायचं नाही, तुमच्याबरोबर जगायचंय."

दीपमालेने हातातला डबा खाली ठेवला. मग नंदाने आपली सपात काढली आणि पावलावरचा तो लांब, पांढरा व्रण तिला दाखवला. "माझ्या घरी तेव्हा कमावणारी मी एकटीच होते," ती म्हणाली. "ही योजना नसती तर मी आज कुठे असते, मला माहीत नाही."

एका तरुण सफाईवालीने हळूच दीपमालेचा हात धरला. दीपमाला म्हणाली, "हे सगळ्यांसमोर, सभेत बोलाल?"

"बोलेन."

"मग बघते." एवढंच म्हणून ती कामावर गेली. ती येणार की नाही, ते आम्हाला कळलं नाही.

सभेचा दिवस उजाडला. बिबवेवाडीतल्या एका मंगल कार्यालयात सभा होती. नंदा मला ढकलत होती, डॉक्टर आम्रपाली शेजारून चालत होती. तिचा चेहरा ओढलेला होता. ती म्हणाली, "तात्या, दहा-वीस माणसं आली तरी पुष्कळ."

आम्ही दारात पोचलो आणि थबकलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. करड्या गणवेशातल्या बायका, निळ्या शर्टांतले रखवालदार, टोप्या घातलेली कॅन्टीनची मुलं! खराडीची माणसं पाळ्या बदलून, एकमेकांची कामं वाटून घेऊन, आमच्याआधी येऊन बसली होती. मंडळाच्या सदस्यांसाठी ठेवलेल्या रांगेतही सुखदेव आणि त्याचे सोबती ऐसपैस बसले होते.

"अगं, आम्हाला जागा?" तात्यारावांनी दीपमालेला विचारलं.

"तुम्ही तर खुर्ची घरनं घेऊन आलात की!" ती म्हणाली, आणि सगळं सभागृह हसलं. मी लाजले, मित्रांनो. आणि अभिमानाने फुगलेही.

सुदर्शनने आधी जे खरं होतं ते मांडलं. आहे तसं चाललं तर योजना टिकणार नाही, हे त्याने लपवलं नाही. मग नंदाने शब्द दिल्याप्रमाणे आपल्या पायाची गोष्ट सगळ्यांना सांगितली. त्यानंतर कंत्राटदारांचे एक प्रतिनिधी उठले. "प्रत्येक माणसामागे आम्ही भर घालायची म्हणजे धंदा परवडणार नाही," ते म्हणाले.

दीपमाला जागेवरूनच बोलली. "साहेब, मागच्या महिन्यात आमची एक बाई जिन्यावरनं पडली. तिच्या घरच्यांनी मंगळसूत्र मोडलं. ते तिला परवडलं का, हे कोणी विचारलं नाही. आमच्यातलं कुणीही इथनं नाव न नोंदवता जाणार नाही. उद्या काढायचं तर सगळ्यांना काढा, आणि काचा तुम्ही पुसा."

त्याच वेळी तात्यारावांनी माझे दोन्ही हात घट्ट दाबले. मला वाटलं, ते बसल्या बसल्याच बोलतील. पण नाही! नंदाच्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले आणि उभे राहिले. हाड मोडल्यापासून ते असे चारचौघांत उभे राहिले नव्हते.

"आम्ही निवृत्त लोक, ज्यांची ऐपत आहे ते, वर्गणी देऊ," ते म्हणाले. "आमच्या मागे ही पोरं राहणार आहेत. ताट पुसून खाऊन जाणाऱ्यातले आम्ही नाही. मी एकटा बोलत असेन, तर मला बसवा."

मागून आप्पासाहेब उभे राहिले. त्यांच्यामागे आणखी एक काठी टेकली गेली, मग आणखी एक. व्हरांड्यातले सगळे गुडघे त्या दिवशी एका वेळी उभे राहिले. आम्रपालीने डोळ्यांना पदर लावला आणि लावला नाही असं दाखवलं.

मंडळाचे अध्यक्ष सुदर्शनकडे वळले. "आता सांगा. आता टिकेल का?"

सुदर्शन जागेवरून उठला. त्याने समोरच्या गर्दीवरून नजर फिरवली. "कायमचं टिकेल असं खरं बोलणारा कुणी सांगणार नाही," तो म्हणाला. "पण हे सगळे आत आले, कंत्राटदारांनी आपली भर घातली आणि ज्येष्ठांनी दिलेला शब्द पाळला, तर या सभागृहातली सगळ्यात लहान मुलगी म्हातारी होईपर्यंत नक्की टिकेल. त्यापुढचं तिने बघावं."

टाळ्यांनी छत उडेल की काय असं मला वाटलं! अध्यक्षांनी तिथल्या तिथे प्रस्ताव मागे घेतला. दवाखाना बंद होणार नाही. कंत्राटदारांना सगळ्यांची नावं नोंदवावी लागतील. आणि खराडीत या दवाखान्याची नवी शाखा निघेल.

मग काय सांगू! तात्याराव जेमतेम परत बसले, तोच खराडीच्या बायकांनी मला ताब्यात घेतलं. त्या मला रस्त्याने ओढत, ढकलत, गाणी म्हणत निघाल्या. दुकानदार बाहेर आले, रिक्षावाले हॉर्न वाजवू लागले. माझं कुरकुरणारं चाक त्या दिवशी शीळ घालत होतं. तात्याराव मात्र ओरडत होते, "अगं हळू! दवाखाना वाचला, मी अजून वाचायचाय!"

त्यानंतर डॉक्टरांनी मला नवं रेक्झिन चढवलं, नवे टायर बसवले. कुरकुर मात्र तशीच राहू दिली. खराडीची शाखा उघडली तेव्हा तिथली पहिली खुर्ची म्हणून मलाच पाठवायचं ठरलं. आता मी रोज नवे चेहरे पाहते. परवा कॅन्टीनमध्ये काम करणारी उत्कर्षा घोटा मोडून आली. नोकरी जाईल म्हणून ती घाबरली होती. तिला सांगितलं की उपचार होतील आणि पगाराचा मोठा भागही मिळत राहील, तेव्हा तिचा विश्वासच बसेना. तेवढ्यात, मला भेटता यावं म्हणून आपली वर्गणी मुद्दाम इथेच भरणारे तात्याराव आले. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांवर! माझ्यावर बसलेल्या त्या पोरीकडे त्यांनी डोळे वटारून पाहिलं.

"ही माझी जागा आहे," ते म्हणाले. "लवकर रिकामी कर."

ती आधी दचकली, मग खुदकन हसली. पुण्यात आशीर्वाद असाच देतात, हे तिला बहुधा तेव्हा कळलं.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात, तुमचे पाय धडधाकट आहेत. देव करो आणि तुम्हाला माझ्यावर बसावं लागू नये. पण मोठे व्हाल, कमवाल, आणि सगळ्यांच्या कामी येणाऱ्या गोष्टीत आपला वाटा द्यायची वेळ येईल. तेव्हा "मला काय मिळणार?" असं विचारून हात मागे घेऊ नका. आणि हे टिकेल का, असं कुणी विचारलं तर त्याच्यावर रागावूही नका. त्याच्याबरोबर बसा आणि टिकवायचं कसं ते शोधा. माझ्या चाकांना दर आठवड्याला तेल लागतं. ते तेल मी चालत असताना घालायचं असतं, गंजून कोपऱ्यात पडल्यावर नाही.